पोळ्याला गाडी जुंपत नाहीत

साहेबराव गाडी सुरू करत नाहीत, जुंपतात. अकोल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे रोज सकाळी चहाच्या वेळी पलीकडून आवाज येतो, "चाल राजा, दम धर." मग धूर येतो. मग आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात.

साहेबराव म्हणजे वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. लग्न केलं नाही, गावची शेती पुतण्या पाहतो. सरकारी लिलावात त्यांनी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप उचलली आणि सारी पेन्शन तिच्या पोटात घातली. स्प्रिंगचे पाटे बदलून ती उंच केली, चिखलाचे दातेरी टायर चढवले, इंजिनाला हवा देणारी नळी थेट टपापर्यंत नेली. "नाक पाण्याच्या वर पायजे," एवढंच त्यांनी सांगितलं. कोणत्या पाण्याच्या वर, ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आम्ही त्या नळीला सोंड म्हणायचो.

गाडीला एक खोड होती. चारही चाकांचा गिअर टाकला तरी पुढची चाकं लगेच धरत नसत. आधी गाडी वीतभर मागे घ्यावी लागे. मेकॅनिक म्हणाला, खोलून टाकू. साहेबरावांनी त्याला खोलू दिलं नाही. "जू घेयाच्या आधी बैल एक पाऊल मांगं सरतेच," ते म्हणाले. "त्याले काय दुरुस्त करतं तू?"

एकदा मला पातूरच्या पुढच्या डोंगरात चाचणीला घेऊन गेले. गाडी एका दगडावर चढली आणि माझ्या बाजूला अशी कलली की मला खिडकीतून फक्त दरी दिसत होती. मी गणिताचा मास्तर. किती अंशांच्या पुढे गाडी उलटते याचा अंदाज मला येत होता आणि तो येत होता हेच वाईट होतं. साहेबराव मात्र स्टिअरिंग कुरवाळत होते. "दम धर, दम धर." मला म्हणत होते की गाडीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्या फाटकासमोरून जाताना भराभर पावलं उचलायचो.

पण त्यांचा खरा कहर पोळ्याला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. साहेबराव त्या संध्याकाळी पुढच्या चाकांत ग्रीस भरायचे, बंपरला तूप-हळद चोळायचे आणि बॉनेटपाशी वाकून तेच आवतन द्यायचे. मग बॅटरीची वायर काढून देवघरात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी गाडीवर झूल, आरशांना गोंडे, बंपरला बेगड. बॉनेटवर पुरणपोळीचं ताट ठेवून हात जोडायचे आणि थोड्या वेळाने तेच ताट घेऊन पायरीवर एकटे जेवायला बसायचे. आम्ही सहकुटुंब गच्चीवरून बघून हसायचो. त्या दिवशी गाडी हलवायची नाही म्हणजे नाही. एका पोळ्याला कॉलनीच्या सेक्रेटरींचं फाटक अडलं, तेव्हा साऱ्या कॉलनीने मिळून ती ढकलली होती आणि साहेबराव बाजूला उभे राहून आम्हाला सावकाश ढकला म्हणून बजावत होते.

मागच्या वर्षीच्या पोळ्याला सकाळपासून पाऊस होता. मी पाट मांडत असताना गावाहून धाकट्या भावाचा, विलासचा, फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. बैल धुवायला नाल्यावर नेले होते, त्यातला मोऱ्या काठ खचून गाळात गेला होता. पोटापर्यंत रुतला होता आणि वरून नाल्याला पाणी चढत होतं. ट्रॅक्टर आणला तर तो शेताकडच्या पांदणीतच फसला. जेसीबीवाला सणाला आपल्या गावी गेलेला. "दादा, काई तरी कर," एवढं म्हणून तो रडायला लागला. मोऱ्याला त्याने वासरू असल्यापासून वाढवलं होतं.

मी पलीकडे गेलो. साहेबराव बेगड चिकटवत होते. मी सांगत होतो आणि माझी नजर त्या झुलीवरून हटत नव्हती. आज यांना गाडी काढा म्हणणं म्हणजे देव्हाऱ्यातला देव उसना मागण्यासारखं होतं.

त्यांनी सारं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "पाणी कुठलोग आलं?"

"पोटाला लागलं म्हणतो."

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात वायर होती. झूल काढली, घडी करून पायरीवर ठेवली आणि बॉनेटला कपाळ टेकलं. "आज नाई जुंपाव तुले," ते गाडीला म्हणाले. "पण तुहाच भाऊ हाये तो. दम धर."

पातूर रस्ता सोडून आम्ही पांदणीला लागलो तशी काळी माती टायरांना लगडायला लागली. गाडी सरळ जात नव्हती, एकदा या बांधाकडे घसरायची, एकदा त्या. फसलेल्या ट्रॅक्टरला वळसा घालताना आमची मागची चाकं पार पाण्यात गेली. साहेबराव वेग वाढवत नव्हते आणि कमीही करत नव्हते. मी दाराची कडी धरून बसलो होतो आणि मोऱ्या जिवंत नसेल तर विलासला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

मोऱ्या जिवंत होता. गाळाच्या वर त्याची पाठ तेवढी उरली होती आणि विलास छातीभर पाण्यात त्याचं तोंड वर धरून उभा होता. लोकांनी शिंगांना दोर बांधला होता. साहेबरावांनी तो आधी सोडायला लावला. मान मोडेल म्हणाले. काठावर मुरमाची टणक जागा पाहून गाडी लावली, तिला रुंद पट्टा अडकवला, त्याचं दुसरं टोक घेतलं आणि सत्तरीचा तो माणूस सरळ गाळात उतरला. उतरताना मला म्हणाले, "मास्तर, कासरा तुमी धरा."

मी कार चालवतो, तीही बायको शेजारी नसेल तर बरी चालवतो. त्या उंच सीटवर बसलो, चारही चाकांचा गिअर टाकला आणि क्लच दाबून धरला. आरशात दिसत होतं, साहेबराव बैलाच्या पोटाखाली हाताने गाळ उपसत होते. पट्टा पलीकडे निघेना. पाणी मोऱ्याच्या नाकपुड्यांना लागलं. त्याने एकदा फुरफुर केलं आणि मग तेही थांबवलं. विलास ओरडला. तेवढ्यात साहेबरावांचा हात वर झाला.

मी क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, गाडी हलेना. मग आठवलं. गाडी वीतभर मागे घेतली, खाली कुठेतरी खट् झालं आणि पुढच्या चाकांनी धरलं. पट्टा ताणला गेला. "दम धर, दम धर," मी मोठ्याने म्हणत होतो. गाडी तसूतसूने चढत गेली. मागून चिखल सुटल्याचा मोठा आवाज आला आणि लोकांचा गलका झाला. मला मागे बघायचं धाडस होत नव्हतं.

मोऱ्या काठावर आडवा पडला होता. साहेबराव आणि विलास त्याला पोत्याने घासत होते. बऱ्याच वेळाने त्याने पुढचे पाय रोवले, पडला, पुन्हा रोवले आणि उभा राहिला. विलासने त्याच्या मानेत तोंड खुपसलं.

साहेबराव गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. मी शेजारी बसलो.

"माहा हऱ्या असाच गेला, मास्तर," ते म्हणाले. "पोयाचाच दिवस होता. लाकडाची एकच खेप आनू म्हनून म्या जुंपला होता त्याले. नाल्यात फसला. त्याचं मुंडकं धरून उभा होतो, पाणी चढत होतं, अन् वढाले काईच नोतं."

ती टपापर्यंत नेलेली नळी डोक्यावर दिसत होती. साहेबराव उठले, नाल्याचं पाणी ओंजळीने घेऊन टायरांचा चिखल धुवायला लागले आणि मीही धुवायला लागलो.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी तूप-हळदीची वाटी घेऊन पलीकडे गेलो. साहेबराव गाडीखाली होते. बाहेर आले, हात ग्रीसने काळे. मी वाटीत बोटं बुडवली आणि त्यांच्या सदऱ्यावरूनच खांद्याला तूप लावलं.

"साहेबरावभाऊ, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

त्यांनी खांद्यावरच्या त्या पिवळ्या डागाकडे पाहिलं. मग त्यांनी मान गाडीकडे वळवली.

"एकट्यालेच हाये," त्यांनी विचारलं, "का दोघायले?"

"दोघायले," मी म्हणालो.

मग पोळ्याच्या सकाळी साऱ्या कॉलनीने मिळून ती गाडी ढकलत आमच्या अंगणात आणली, आणि साहेबराव बाजूने चालत आम्हाला सावकाश, सावकाश म्हणत होते.