मासळ्यांची साक्ष

सफाई दरोगा जमील साहेब लाल दवेची पुडी घेऊन तिसऱ्यांदा तांड्यावर आले, तेव्हा गोपीचंद नायक विहिरीच्या काठावर मांडी ठोकून बसले होते आणि हलायला तयार नव्हते. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे पटकीनं चार माणसं नेली होती. आता पाळी या तांड्याची, हे जमील साहेबांना स्वच्छ दिसत होतं आणि नायकांना अजिबात दिसत नव्हतं.

"नायक, काहून अडून बसलात? या दवेनं पाणी साफ होतं."

"आमच्या हिरीत मासळ्या हायेत, दरोगासाहेब. मासळी जगती तवर पानी बराबर, ही आमची रीत. तुमच्या जहरानं त्या मेल्या मंग?"

जमील साहेबांनी विहिरीत डोकावून पाहिलं. खात्यानं त्यांना दवेचं माप शिकवलं होतं, पण मासळ्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. आजमावून पाहू. तीन मासळ्या दवेच्या पाण्यात, तीन साध्या पाण्यात."

"आन् दवेतल्या मेल्या, तर तुमी पुन्ना तांड्यावर पाय ठेवायचा न्हाई!"

"कबूल," साहेब म्हणाले.

नायकांच्या बायकोनं, नानीबाईनं, लगबगीनं भांडी आणली. साध्या पाण्याला लखलखीत तांब्याची घागर आणि दवेला जुनं मातीचं मडकं. "बाटलं तर फेकून देता येतं," ती म्हणाली. बायकोची ही अक्कल पाहून नायकांनी मिशीवरून हात फिरवला. साहेबांनी मडक्यात दवेचा इवलासा कण टाकला, पाणी जेमतेम गुलाबी झालं, आणि लिंबाची सावली विहिरीच्या काठाला लागेपर्यंत अख्खा तांडा तिथंच बसून राहिला.

सावली लागली. नायकांनी मडक्यात डोकावलं. तिन्ही मासळ्या मजेत फिरत होत्या. नायकांचं तोंड उतरलं. "ह्या जगल्या, पन आमच्या पान्यातल्या बगा कशा उड्या मारून राहिल्या!" असं म्हणत त्यांनी घागरीत पाहिलं, आणि ते जागीच थिजले.

तिन्ही मासळ्या पोट वर करून तरंगत होत्या.

"आरं देवा! आपल्या पान्यात जहर!" नायक ओरडले. "म्या सकाळपून दोन तांबे पेलो!"

मग जो हलकल्लोळ उडाला तो विचारू नका. रूपसिंगनं घशात बोटं घातली. हिरासिंगला आठवलं की त्याचं पोट दिवाळीपासूनच दुखतंय. पारुबाईनं चुलीवरचं वरण उकिरड्यावर ओतलं. जमील साहेब तर सगळ्यांत जास्त हादरले होते, कारण साध्या पाण्यानं मासळी मरते असं त्यांना खात्यात कुणीच सांगितलं नव्हतं.

"टाका दवा! समदी टाका!" नायकांनी पुडीवर झडप घातली.

"अहो, मापानं! जास्त झाली तर खरंच मासळ्या मरतील!" आता साहेबच दवेपासून विहीर वाचवत होते. तेवढ्यात रूपसिंग चिमूटभर दवा तोंडात टाकायला निघाला, त्याचंही मनगट त्यांनी धरलं. अखेर दवा मापात पडली आणि तांड्यानं गुलाबी पाण्याला हात जोडले.

साहेबांच्या जिवाला मात्र चैन पडेना. गर्दी पांगल्यावर त्यांनी घागरीत बोट बुडवून जिभेला लावलं. आंबट! तळाशी चिंचेचा हिरवट पडलेला गोळा होता. तांब्यात चिंच राहिली की पाण्यात तांब्याचं जहर उतरतं, हे कल्हईवाल्याच्या शेजारी वाढलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही.

"नानीबाई, घागर चिंचेनं घासून धुवायची राहिली तुमची! नायकांना सांगायला हवं."

"राहिली न्हाई साहेब. राहू देली." नानीबाईनं आवाज खाली आणला. "मागं पोरानं ह्याच घागरीत आनलेल्या मासळ्या अशाच मेल्या व्हत्या, तवाच कळलं मले."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. "तोबा! पण काहून?"

"माझी बहीन गेल्या साली पटकीनं गेली. तिच्या तांड्यानं बी दवा परत धाडली व्हती. माझी दोन नातवंडं हेच पानी पेतात."

"मग नायकांना सरळ सांगायचं, दवा टाकू द्या म्हणून."

"तीन बार सांगितलं," नानीबाई घागर उपडी करत म्हणाली. "माझं न्हाई ऐकत ते. मासळीचं ऐकतात."