दारू सुटल्यामुळे अडलेलं शूटिंग

गंभीर कलाकृतीला खरी गरिबी लागते, आणि ती नागपूरच्या उच्चभ्रू धरमपेठेत मिळत नसल्यामुळे दिग्दर्शक विहंगला इतवारीपलीकडच्या एका वस्तीत घर भाड्याने घ्यावं लागलं. (चहा घरमालकिणीकडून फुकट.)

दारिद्र्य, व्यसन आणि हिंसा यांवरचा हा त्याचा पहिलाच सिनेमा. दारिद्र्याचा अभ्यास त्याने सलग दोन रविवार केला होता. लांबी एकशे चार मिनिटं: पिणं एकसष्ट, मारहाण तीस, उपास बारा, आशा एक. (ती नंतर कापायचं ठरलं होतं.)

पहिल्याच दिवशी घात झाला. पाहुणे येणार म्हणून घरमालकीण गोपिकाने भिंतींना नीळ घालून चुना मारला आणि दारात रांगोळी काढली. कलाविभागाने दोन दिवस खपून घर पुन्हा गरीब केलं. तिचा नवरा जितेंद्र हा नायक होता, कारण तो खरोखर प्यायचा आणि त्याचा हात खरोखर थरथरायचा. असा हात नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

नवव्या दिवशी शेवटचा प्रसंग होता, आणि हात स्थिर.

"बरं नाही का, जितेंद्रजी?" विहंगने काळजीने विचारलं.

"सोडली जी. आठ दिवस झाले. इथं सारे मले जितेंद्रजी म्हणून राहिले, मंग प्यायची शरम वाटली."

विहंगला मनापासून वाईट वाटलं. परदेशी महोत्सव डोळ्यांदेखत निसटत होता. त्याने वास्तवाच्या हितासाठी दारूचा पव्वा मागवला आणि अत्यंत आदराने जितेंद्रपुढे ठेवला.

गोपिकाने पव्वा उचलून विहंगच्या हातात कोंबला. तिच्या दुसऱ्या हातात लाटणं होतं.

"थरथरता हातच पाह्यजे न? मंग तुम्हीच प्या न जी. याले काहून पाजता?"

विहंगचा हात न पिताच थरथरू लागला. कॅमेरामनने तो जवळून टिपला. पुढे समीक्षकांनी त्याला 'शोषितांचा अस्सल हात' म्हटलं. (विहंगने दुरुस्ती सुचवली नाही.)

गेल्या महिन्यात सिनेमा दाखवला. लोक ढसाढसा रडले. एका बाईंनी डोळे पुसत विचारलं, "तो बिचारा आता कसा आहे?"

विहंगने सांगितलं की तो पीत नाही, मौद्याला एका कॅन्टीनमध्ये कामाला आहे, मजेत आहे. बाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला. सभागृहाचा चेहरा पडला.

त्यांना हसू नका. पव्वा पुढे आला तेव्हा जितेंद्र पिणार, या आशेवरच तुम्हीही पुढे वाचत होतात.