केसोबाचं मुरलेलं तेल

एका जंगलात डांबरी रस्ता आला, तेव्हाची ही गोष्ट. बाळांनो, नीट मांडी घालून बसा. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी पुढे या. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही या, कारण आज ना उद्या तुमच्या दारातही एक येऊन उभी राहणार आहे.

या जंगलात केसोबा अस्वल राहत असे. अंगाने ऐसपैस, मनाने भला आणि मताने पक्का. एखादं मत एकदा त्याच्या डोक्यात शिरलं की परत बाहेर पडत नसे. आत जागा भरपूर होती.

एके दिवशी शहरातला एक माणूस वाघ बघायला गाडी घेऊन आला. वाघ दिसला. माणूस पायीच परत गेला, आणि चांगल्या वेगाने गेला. गाडी तिथेच राहिली, किल्लीसकट. वाघाने ती हुंगली आणि खाण्याजोगं काही नाही म्हणून सोडून दिली. केसोबाने ती घरी आणली.

पेट्रोल कुठून मिळायचं, असं आता कोणीतरी विचारणार. मधे बोलू नये. गोष्टीत पेट्रोल असतं.

गाडीत एक पुस्तिका होती. कधी काय तपासायचं, कधी काय बदलायचं, सगळं तिच्यात होतं. ती वाळवीने मन लावून संपवली. जंगलात तिच्याइतकं वाचन कोणाचंच नव्हतं.

केसोबा गाडी चालवायला शिकला. दोन वारुळं पाडली, एका सागाची साल काढली, आणि मग नाक्यापासून तळ्यापर्यंत भाड्याने सवाऱ्या न्यायचं वडाप सुरू केलं. ससे मागे, सांबर पुढे, शिंगं खिडकीबाहेर. केसोबाचा जंगलात मान वाढला.

त्याची बायको सगुणा मात्र गाडीने हरखली नाही. तिने एकच मागितलं.

"राणबाच्या घरी पाळणा हलला, की बारशाला मला गाडीतनं न्याल?"

राणबा तिचा धाकटा भाऊ. घाटापलीकडच्या रानात राहायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. आणि बारशाला आत्या लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आत्या बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत दणादण धपाटे घालतात. या धपाट्यांसाठी सगुणा कधीची पाठ राखून होती. नावही तिने ठरवलं होतं. ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"नेईन की," केसोबा म्हणाला. "पाळण्याच्या दारात गाडी हुबी करीन. माझ्या अंगावरच्या केसांची आन."

अस्वलाने केसांची आण घेणं म्हणजे थट्टा नव्हे. सगुणाने विश्वास ठेवला.

आता गाडीच्या तेलाकडे येऊ. नाक्यावर जांभळीखाली बजाबा वानराचं गॅरेज होतं. थांबलेल्या ट्रकांकडे वरून बघून बघून तो मिस्त्री झाला होता. त्याची खोड एकच. गाडीचं काहीही दुखू दे, उपाय ठरलेला. हॉर्न वाजत नाही? "तेल बदला." टायर बसला? "काढतो, पण तेल बदला." सांबराची मान अवघडली तेव्हाही तो सवयीने हेच म्हणाला. त्यामुळे त्याचं कोणी मनावर घेत नसे.

एकदा केसोबाने त्याला सरळच विचारलं, "इंजिनाचं तेल बदलायचं म्हंजी कधी कधी रं?"

"गाडीची ठरल्याली किलोमीटरची पळापळ झाली की," बजाबा म्हणाला. "न्हाईतर वरसातनं एकदा. ज्ये आधी हुईल त्ये, नाना."

"आधी काय हुईल, ते आधी कसं कळायचं?"

बजाबा डोकं खाजवू लागला. वानरं एरवीही डोकं खाजवतात. पण केसोबाला वाटलं, याला उत्तर येत नाही. बजाबाने मग इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून दाखवली. तिच्यावरचं तेल काळंभोर होतं. केसोबा विचार करत घरी गेला.

सगुणा कुरडया तळत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"ह्यात इचार कसला?" ती म्हणाली. "तळणीचं तेल काळं झालं की मी काय करते?"

"टाकतीस."

"मग त्ये बी टाका. त्ये बी तापतंय, ह्ये बी तापतंय."

इथे गोष्ट संपली असती. बारसं झालं असतं, आपण सगळे जेवायला गेलो असतो. पण केसोबाची नजर फळीवर गेली. फळीवर लोणच्याची बरणी होती.

"आन् लोणच्याचं तेल? त्ये टाकतीस?"

"त्ये कशाला टाकीन? त्ये मुरतंय."

केसोबा उठून उभा राहिला. त्याच्या डोक्यात मत शिरलं होतं.

"म्हंजी आपलं तेल मुरतंय, सगुणा! आन् त्यो वांदर मला मुरल्यालं तेल वतून द्याया सांगतोय!"

दोघांचं जुंपलं. इंजिनातलं तेल तळणीचं की लोणच्याचं? भांडण कुंपणाबाहेर गेलं, आणि दुपारपर्यंत जंगलात दोन तट पडले. हरणं तळणपक्षात गेली. कोल्हे लोणचेपक्षात गेले. रानडुकरांचं म्हणणं, दोन्ही चालेल, पंगत कधी आहे ते सांगा.

शेवटी तळ्याकाठी सभा भरली. कासवआजोबा अध्यक्ष होते. ते अध्यक्ष कधी झाले हे कोणाला आठवत नव्हतं, त्यांनाही नाही. बजाबाला साक्षीला बोलावलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "तेल बदला." सगळी सभा हसली. त्याला खाली बसवलं.

मग कासवआजोबांनी सावकाश मान बाहेर काढली.

"म्या या तळ्यातलं पाणी जलमात बदललं न्हाई. काय बिघडलं?"

तळं वास मारत होतं. सगळ्यांनी नाकं धरून माना डोलावल्या.

"आन् काळं म्हंजी वाईट, ह्ये कुणी ठरवलं? आपला केसोबा काय गोरा हाय?"

टाळ्या पडल्या. केसोबाला भरून आलं. इतक्या सगळ्यांसमोर त्याच्या रंगाबद्दल कोणी कधी चांगलं बोललं नव्हतं. तेल लोणच्याचं ठरलं.

त्या दिवसापासून केसोबाने तेलाची निगा राखायला घेतली, लोणच्याची राखतात तशी. तेलाच्या झाकणावर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला. ओल्या हाताने कोणी बॉनेटला शिवायचं नाही, असा नियम केला. पाणघोड्यासारखे पाहुणे आले असते तर पंचाईत होती, पण ते आपल्याकडे नसतात. सकाळी केसोबा पट्टी काढून वास घ्यायचा आणि डोळे मिटायचा.

"वा! काय मुरलंय!"

लांबलांबून जनावरं पट्टीचा वास घ्यायला येऊ लागली. कोल्ह्यांनी आपली पोरं आणली. असं तेल शेजारच्या जंगलात मिळत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

गाडी मात्र कण्हू लागली. चढावर धापा टाकू लागली. केसोबा म्हणे, आवाजाला वजन आलंय. मागून धूर येऊ लागला. केसोबा म्हणे, खमंग आहे.

आणि मग घाटापलीकडून सांगावा आला. राणबाला मुलगा झाला होता.

सगुणाने झबलं-टोपडं शिवलं. घुगऱ्या शिजवल्या. अंगावरचे केस विंचरून तेल लावलं, ताजं. निघायच्या आधी ती हळूच म्हणाली, "एकडाव बजाबाला गाडी दावा की. माझ्यासाठी."

केसोबाचं मन क्षणभर हललं. बायकोने स्वतःसाठी असं फार कमी वेळा मागितलं होतं. पण आदल्याच दिवशी कोल्हे पट्टीचा वास घेऊन गेले होते.

"बारशाच्या तोंडावर मुरल्यालं तेल फेकायचं? अपशकुन हुईल," तो म्हणाला. सगुणाने घुगऱ्यांचं पातेलं उचललं.

बारसं संध्याकाळचं होतं. दुपारी ते निघाले. बजाबाही घुगऱ्यांच्या वासाने टपावर चढून बसला. घाट सुरू झाला. ऊन उतरलं. एका वळणावर समोरच्या काचेखाली लहानसा लाल दिवा लागला. दिव्यात झारीचं चित्र होतं आणि झारीच्या तोंडाशी तेलाचा थेंब.

"आवं, दिवा लागला," सगुणा म्हणाली.

दिवेलागणीची वेळ. तेलाचा दिवा. तुम्ही काय केलं असतं? दोघांनी हात जोडले. केसोबाने त्यासाठी स्टिअरिंग सोडलं, म्हणून टपावरचा बजाबा ओरडला. काय झालं बघायला तो उलटा लटकून खिडकीत डोकावला, आणि दिवा बघून आणखी मोठ्याने ओरडला.

"नाना, गाडी थांबवा! त्यो दिवा हात जोडायचा न्हाई!"

"दिव्याला नावं ठेवू नगंस," केसोबा म्हणाला.

गाडीत आधी खडखडलं. मग दगड फुटल्यासारखा आवाज झाला. मग काहीच झालं नाही. घाटात एवढी शांतता केसोबाने गाडी आल्यापासून ऐकली नव्हती.

बजाबाने बॉनेट उघडलं, दादरा सोडला, झाकण काढलं. आत तेल नव्हतं. डांबरासारखा काळा चिखल होता, काठी घातली तर उभी राहील असा. बजाबाने या वेळी 'तेल बदला' म्हटलं नाही. त्यानेच केसोबाला धडकी भरली.

"इंजिन जाम, नाना," तो म्हणाला. "ह्ये मुरलं न्हाई. ह्ये मेलं."

केसोबाने सगुणाकडे पाहिलं. ती भांडेल, तळणीचं काढेल, कासवआजोबांचा उद्धार करेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती गाडीतून उतरली, झबलं-टोपडं छातीशी धरलं आणि चालायला लागली. बजाबाला गाडीपाशी सोडून केसोबा घुगऱ्यांचं पातेलं डोक्यावर घेऊन मागून निघाला. चढ मोठा होता. वळणावळणावर तो नुसतं तिच्या पाठीकडे बघत होता, आणि त्याला रडू येत होतं.

तिकडे राणबाच्या घरी पाळणा सजला होता. बायका जमल्या होत्या. कोणी बाळाला उचलायला गेलं की राणबा म्हणे, "थांबा, आक्का येतीया." कोणी पाळण्याच्या दोरीला हात लावला, "थांबा." कोणी कानाशी वाकलं, "थांबा, थांबा." बाळ पाळण्यातून टुकूटुकू बघत होतं. त्याच्या कानावर सारखा तोच एक शब्द पडत होता. शेवटी बायका कंटाळल्या, धपाट्यांसाठी वळलेल्या मुठी तशाच घेऊन आपापल्या घरी गेल्या.

सकाळी सगुणा पोचली. पायांची सालटी निघाली होती. ती तशीच पाळण्याशी गेली, वाकली, कुर्र केलं, आणि इतकी वर्षं जपलेलं नाव बाळाच्या कानात सांगितलं.

बाळाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांब्या!" दारातून राणबाने हाक मारली. बाळ खुदकन हसलं आणि मान वळवली.

"काल सांजंपासनं ह्याच नावाला वळतंय," राणबा ओशाळून म्हणाला. "आता काय करायचं, दाजी?"

केसोबाने डोक्यावरचं पातेलं खाली ठेवलं. सगुणा अजून वाकलेलीच होती. पाठीत धपाटा घालायला बाळंतिणीवाचून घरात एकही बाई उरली नव्हती. तिने ठरवलेलं नाव कोणतं होतं, ते मलाही माहीत नाही. ती ते पुन्हा कोणापाशी बोलली नाही.

दोघं चालत परत आले. जंगलात पुन्हा सभा भरली. केसोबाने घाटभर ठरवलं होतं, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की चूक माझी झाली, तेल तळणीचंच होतं. पण अध्यक्ष आधी बोलतात.

कासवआजोबांनी मान बाहेर काढली.

"प्रयोग फसला न्हाई," ते म्हणाले. "तेल आजून थोडं मुराया पायजे हुतं. घाई नडली."

टाळ्या पडल्या. तेलाच्या बाबतीत एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नाही, म्हणून केसोबाला जंगलाचा तेलसल्लागार नेमलं. कोल्ह्यांनी त्याच्या गळ्यात घाणेरीच्या फुलांचा हार घातला. केसोबाने बोलायला तोंड उघडलं. हारातली फुलं तोंडात गेली. त्याने ते परत मिटलं.

सभेच्या कडेला सगुणा उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती. केसोबाने हाराकडे बघण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

गाडी अजून घाटातच आहे. तिच्यात आता मुंगसं राहतात. पलीकडच्या रानात थांब्या मोठा झाला, चांगला दांडगा झाला. अडचण एवढीच, की पळताना कोणी हाक मारली की तो जागीच उभा राहतो.

तात्पर्य : मुलांनो, इंजिनाचं तेल वेळेवर बदलू नये. वेळेवर बदलणाऱ्याची गाडी घाट चढते, बारसं पार पडतं, आत्याच्या पाठीत धपाटे बसतात, आणि त्याला कोणी साधा हारसुद्धा घालत नाही.