खरेदीदाराच्या बाजूचा माणूस

घर घेणाऱ्याला खरा धोका बिल्डरपासून नसतो, स्वतःच्या शंकांपासून असतो. जुन्या घरात ओल दिसते, तडे दिसतात, शंकांची तिथल्या तिथे सोय होते. नव्या कोऱ्या घरात काहीच दिसत नाही (बऱ्याचदा घरही दिसत नाही, ते नकाशात असते). अशा वेळी शंकांचा वेळीच बंदोबस्त करणारा जाणता माणूस सोबत लागतो. त्याला एजंट म्हणतात.

शिंप्याला हे पटले. त्याची आई दोन वर्षांपासून चाकांच्या खुर्चीवर होती आणि राहत्या घराला अकरा पायऱ्या होत्या. आईला कुणाला हाक न मारता गॅलरीत जाऊन बसता यावे, एवढ्यासाठी तो नवे घर घेत होता. बिल्डरच्या ऑफिसातली विक्रीबाई बिल्डरची बाजू घेणार हे उघड होते. मग आपल्या बाजूने कुणी नको?

शिवाय बिल्डरचाच तसा नियम होता. पहिल्या भेटीला एजंट सोबत नसला, तर वहीत नावापुढे 'एकटा' असा शेरा पडे आणि तो पुढे खोडता येत नसे. (एक गृहस्थ नुसते पाणी प्यायला आत शिरले होते. त्या इमारतीपुरते ते आजही पोरके आहेत.)

एजंट शिंप्याच्या बाजूने ठाम उभा राहिला. डाव्या बाजूने, भेट संपेपर्यंत. विक्रीबाई त्याला दादा म्हणे, आणि त्याच्या चहात साखर किती घालायची हे तिला विचारावे लागले नाही. दोन्ही पक्षांत इतका जिव्हाळा असल्यावर भांडण होतेच कशाला? त्याने खरेदीदाराच्या वतीने एकूण चौदा प्रश्न विचारले. नऊ चहाबद्दल होते, चार विक्रीबाईंच्या तब्येतीबद्दल आणि एक लिफ्टमध्ये गाणी लागतात का याबद्दल. (लागतात.)

सॅम्पल फ्लॅट ऐसपैस होता. त्यात एकही दार नव्हते. पलंग देखणा होता, मात्र झोपणाऱ्याच्या पोटऱ्यांपाशी संपत होता. तीस वर्षे नुसत्या नजरेने छातीचे माप सांगणाऱ्या शिंप्याला हे दिसले नसते तरच नवल. त्याचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

"अहो, गॅलरीच्या चौकटीचं माप घ्या," बायको म्हणाली. "आईंची खुर्ची सव्वीस इंच आहे."

"वहिनी, मी आहे ना!" एजंट हसला. "माझ्यावर विश्वास नाही का?"

या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. शिंप्याने टेप गुंडाळून खिशात घातली.

"वाईट दिसतं गं," तो बायकोच्या कानात पुटपुटला.

भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात. पण बहीण म्हटल्यावर तिला हाकलायचे तरी कसे?

ताबा मिळाला तेव्हा दारे बसली होती. गॅलरीच्या चौकटीत, दार आणि कडी वजा जाता, चोवीस इंच उरले. आईची खुर्ची उंबऱ्यावर अडली. एजंटला फोन केला, तर तो अर्ध्या तासात हजर झाला (खोटे कशाला बोला?). त्याने चौकट न्याहाळली आणि मायेने म्हणाला, "राहता राहता सवय होते."

'घालता घालता सैल होईल' हे शिंपी स्वतः तीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आला होता. धंद्यातल्या माणसाशी काय वाद घालणार?

"राहू दे रे," आई म्हणाली. "इथूनही दिसतं की." तिथून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. आईच्या नजरेला नजर देणे शिंप्याला जमेना.

रविवारी नातेवाईक घर बघायला आले, एकूण एकतीस. एकतिसांनी घर 'मस्त' असल्याचे जाहीर केले. मामेभावाने तर आईची खुर्ची गॅलरीच्या दाराशी पाहून तिला किती छान जागा दिली म्हणून शिंप्याची पाठ थोपटली आणि विचारले, "एजंट कसा होता रे?"

खरे सांगावे, तर माप न घेणारा शिंपी म्हणून गावभर नाव व्हायचे.

"देवमाणूस!" शिंपी म्हणाला. "नंबर लिहून घे."

वाचकहो, हसू नका. तुमच्याही घरातले एक दार पुरते उघडत नाही, आणि ते कुठले हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही गेल्या वर्षी शिंपी तुमचे घर बघायला आला, तेव्हा तुम्ही 'मस्त आहे' म्हणालात आणि त्याला हाच नंबर दिलात.