राणीची छाती अठ्ठ्याहत्तर

गडमुडशिंगीच्या दस्तगीरचाचा शिंप्यांच्या मापाच्या वहीत माणसांच्या ओळीत त्यांची एक म्हैस होती. ‘आप्पा लोहार, छाती अडतीस. राणी, छाती अठ्ठ्याहत्तर.’ शिंप्याचा टेप साठ इंचांत संपतो, म्हणून दोन टेप जोडून त्यांनी राणीसाठी खास एक शिवला होता. गावच्या पैलवानालाही तो लावू दिला नाही.

सत्तरच्या दशकात मी सरकारी नोकर म्हणून गावोगाव म्हशींची वजनं नोंदवत हिंडायचो. म्हशीला काट्यावर चढवणार कोण? छातीचा घेर आणि लांबी घ्यायची, त्यावरून वजन काढायचं. चाचा दुकान सोडून माझ्यामागे यायचे, चुका काढायला. म्हैस तिरकी उभी असली, तर माप खोटं. पाणी प्यायली असली, तर माप उद्या. तिनं श्वास सोडेपर्यंत स्वतःचाही धरून ठेवायचे. "छाती फुगवून माप दिलं की सदरा ढगळ हुतोय," म्हणायचे. म्हशीला सदरा कधी शिवताय, म्हणून लोक चिडवायचे. माझाही एक सदरा त्यांनी शिवला होता. माझं माप राणीच्या खालच्याच ओळीत.

एकदा मला कोल्हापूरची एसटी गाठायची होती. चाचा उघडी वही घेऊन थांब्यावर आले.

"सायेब, राणी दोन बोटं उतरलीया. खातीया, पर उतरलीया. जरा बघा की."

चार लोकांसमोर मी म्हणालो, "चाचा, तुम्ही टेप ओढून धरला असेल."

चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला मी हे म्हणालो. त्यांनी वही मिटली आणि ते परत गेले. पंधरा दिवसांत राणी गेली. त्या घरात चाचा आणि राणीशिवाय कुणी नव्हतं. जनावरांचे डॉक्टर वेळेत आले असते तर ती वाचली असती का, ठाऊक नाही. मी त्यांना आणलं नाही, एवढं ठाऊक आहे.

मग मी त्यांच्या दुकानावरून जाणंच टाळलं. जेवणही जाईना. सहा महिन्यांनी बायकोनं सदऱ्याचं कापड हातात दिलं, तेव्हा जावंच लागलं.

चाचांनी मला सरळ उभं केलं, श्वास सोडायला लावला, टेप लावला. वहीत बघितलं. पुन्हा टेप लावला. आता बोलतील, म्हणून मी मान खाली घातली.

"दोन बोटं उतरलाय, सायेब," ते हळू म्हणाले. "टेप ओढून धरलेला न्हाय. डाक्टरला दावून या. कापड हितंच ऱ्हाऊ द्या. माप भरल्याबिगर मी कात्री लावत न्हाय."