आधी जुना माल

डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल वाढलंय. लोणी, तळण बंद. त्याऐवजी अक्रोड, जवस, ऑलिव्ह तेल. हृदयाला चांगली चरबीही लागते." मी त्याच दिवशी सगळं विकत आणलं. (निर्णय मी झटपट घेतो, पस्तावतो मात्र सावकाश.)

अडचण एकच होती. मी गोदामात कारकून. आमच्याकडे पक्का नियम आहे, जुना माल संपल्याशिवाय नव्याचं खोकं फोडायचं नाही. आणि घरात जुना माल उदंड होता. फ्रिजमध्ये लोण्याचा भला मोठा डबा, चीज, साय, कपाटात वेफर्सची पाकिटं. बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. ती येण्याआधी पथ्य सुरू करायचं, तर हा माल भराभर उठवणं आलं! मी कंबर कसली. पावाला लोणी लावत होतो म्हणणं खोटं ठरेल, मी लोण्याला पाव लावत होतो.

बायको परतली, तिने फ्रिज उघडला आणि तिचा चेहरा खुलला.

"अगबाई! सगळं टाकून दिलंत?"

"टाकायचं कशाला? संपवलं."

"कोणी?"

"मीच. उद्यापासून अक्रोड!"

ती तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या छातीत सणकून कळ आली. ती "अहो!" म्हणून अशी ओरडली, की शेजारचे टॅक्सीवाले काका किल्ली घेऊनच धावत आले. हॉस्पिटलमध्ये लिफ्टमनने माझी चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली. बायको शेजारी धावत होती, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. मला काही झालं, तर हिने कोणाकडे बघायचं?

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "हृदय ठीक आहे. हे पित्त. काय काय खाल्लंत?"

बायको सांगू लागली. चीजपर्यंत पोचली आणि तिलाच भोवळ आली. नर्सने रक्तदाब मोजला, तो गगनाला भिडलेला. मग मला कॉटवरून उठवलं आणि तिला झोपवलं.

मी तिचा हात धरला. डोळे भरून आले. "तू आहेस म्हणून माझं सगळं आहे गं."

"मग उद्यापासून नीट खा," ती म्हणाली आणि माझा हात घट्ट दाबला. तिचे, काकांचे, डॉक्टरांचे, त्या पित्ताचेसुद्धा मी मनोमन आभार मानले.

तिच्यासाठी गरम दूध आणायला मी लिफ्टकडे गेलो. मघाचाच लिफ्टमन आडवा आला.

"लिफ्ट पेशंटसाठी आहे. नातेवाइकांनी जिन्याने."

"अहो, मघाशी तुम्हीच मला खुर्चीतून वर आणलंत ना?"

त्याने माझ्या पोटाकडे शांतपणे पाहिलं.

"म्हणून तर जिन्याने म्हणतोय, साहेब."