मुनीर सरांची काळी चादर

भर दुपारी कोणी तुम्हाला काळ्या चादरीखाली बोलावलं तर घाबरू नका. ते आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे मुनीर सर असतील. एका हातात तुमच्याच डब्यातल्या कढीचे चार थेंब, दुसऱ्या हातात जांभळ्या उजेडाची बॅटरी.

"जिभेवर जाऊ नका, उजेडाला विचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सरांनी स्वतः एक औषध बनवलंय. पदार्थात तांबं उतरलं असेल तर ते टाकताच नारिंगी उजळतं. पितळी भांड्याची कलई उडाली की आंबट पदार्थ तांबं ओढून कळकतो, हे आपल्याला तोंड वाकडं झाल्यावर कळतं, सरांना त्याआधी. एका लग्नात पंगत बसायच्या आत त्यांनी आख्खं पातेलं कढी ओतून टाकायला लावली. तेव्हापासून कोपरगावचे आचारी त्यांना पाहिलं की झाकणं लावतात.

मी मराठी शिकवतो. मला हे सगळं थोतांड वाटायचं. मग सरांनी एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत त्याच औषधात ठेवलेलं माशाचं इवलंसं जिवंत पिल्लू, काचेसारखं आरपार, आणि त्याच्या पोटात नारिंगी ठिपके लुकलुकत होते.

"तांबं हाय ते. जगायला थोडं लागतंच. तुमच्यात बी हाय."

त्या दिवशी चांदण्यांवरची कविता शिकवताना मी अगदीच ओशाळलो होतो.

परवा राहात्याला त्यांच्या घरी जेवायला गेलो. त्यांच्या अम्मींनी पितळी पातेल्यातलं चिंचेचं सार वाढलं. सरांनी वाटीवर हात धरला. "मला आंबट सोसत न्हाई."

"अब्बा गये तबसे इसका यहीच," अम्मी म्हणाल्या. "गांवभर सबका देखता, मेरा पतेला कायकू नै देखता रे?" आणि चादर आणायला स्वतःच आत गेल्या.

सर हळूच म्हणाले, "अब्बा कलईवाले हुते. मागच्या वर्षी गेले. ही त्यांच्या हातची शेवटची कलई. उडाली असंल तर नवी करावी लागंल. मंग अब्बांचं काय राहिलं?"

आम्ही दोघं चादरीखाली शिरलो. सरांनी साराच्या थेंबात औषध टाकलं, बॅटरी लावली. मी सरांकडे पाहतो तर डोळे गच्च मिटलेले.

"तुमी सांगा."

"काही उजळलं नाही, सर."

"नीट बघा."

"अंधार आहे, सर. नुसता अंधार."

अंधाराचं इतकं कौतुक मला कधी वाटलं नव्हतं.

"क्या निकला रे?" बाहेरून अम्मींनी विचारलं.

सरांनी चादर बाजूला केली, तिच्याच टोकानं डोळे पुसले आणि वाटी पुढे केली.

"सार दे, अम्मी. भरके दे."